शाळेचे संकेतस्थळ : वाटा आणि पाट्या

दिवाळी उरकली, की मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. निघण्याच्या धांदलीत आई किंवा वडील शाळेच्या दाराशी येतात ते एकच प्रश्न घेऊन : मुलाचे नाव तिकडच्या शाळेत घालावयाचे, तर बरोबर काय न्यावे? गुरुजी शाळेत असले म्हणजे उत्तर तेथल्या तेथे मिळते. परंतु रविवार असला, अथवा गुरुजी केंद्राच्या शिक्षण परिषदेस गेलेले असले, तर मुकादमाची गाडी त्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही. मूल कागदाविना जाते; तिकडच्या शाळेने दारातूनच परत पाठविले, तर हंगाम संपेपर्यंत त्याचे शिक्षण बुडते.

वास्तविक, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009, याच्या कलम 5 अन्वये एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या बालकास मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा असतो, आणि तो सादर करण्यास विलंब झाला एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. ही तरतूद त्या आईला ठाऊक असती, तर ती दारातून परत फिरली नसती. आता पुष्कळ घरांत स्मार्टफोन आला आहे, आणि काही शाळांनी स्वतःची संकेतस्थळेही सुरू केली आहेत. अशा वेळी ही माहिती संकेतस्थळावर आहे किंवा नाही, याहून निराळा असा आणखी एक प्रश्न उपस्थित होतो : ती तेथे असली, तरी त्या आईला सापडेल काय?

बहुतेक ठिकाणी ती सापडणार नाही. शाळेचे संकेतस्थळ उघडावे, तो प्रथम इमारतीचे छायाचित्र येते. त्याखाली ‘सुस्वागतम्’ अशी सरकती पट्टी. मग मान्यवरांची छायाचित्रे. आणि वरच्या कोपऱ्यात ‘आमच्याविषयी’, ‘उपक्रम’, ‘शासन निर्णय’, ‘गॅलरी’, ‘महत्त्वाचे’, ‘इतर’ अशी नावे. दाखल्याविषयीचे परिपत्रक ‘शासन निर्णय’ या नावाखाली, चाळीस परिपत्रकांच्या यादीत, तिरप्या टिपलेल्या प्रतीच्या रूपाने पडलेले असते. माहिती घरात आहे, पण तिच्याकडे जाणारी वाट नाही. (त्या सरकत्या पट्टीविषयी एवढेच म्हणता येईल, की ती आपल्या गतीने सरकते, वाचणाऱ्याच्या गतीने सरकत नाही; अक्षरे जुळवून वाचणाऱ्या मनुष्यास तिचा काहीच उपयोग होत नाही.)

संकेतस्थळ तयार करण्याचे तंत्र आता कठीण राहिलेले नाही. गूगल साइट्ससारख्या विनामूल्य साधनाने एका दिवसात चार पाने उभी राहतात. कठीण आहे ती मांडणी. आणि तिच्यासाठी संगणकाच्या ज्ञानापेक्षा शिक्षकाचीच दृष्टी अधिक उपयोगी पडते.

लेण्यांना क्रमांक कसे पडले

मांडणीचा विचार करण्यास छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शिक्षकास दूर जावयास नको. अजिंठ्याच्या सहलीत एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, “पहिले लेणे म्हणजे सर्वांत जुने का?” तसे नाही. वाघूर नदीच्या नालेसारख्या वळणावर पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत जाताना जे लेणे प्रथम लागते, त्यास क्रमांक 1 दिला आहे. ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आहे. सर्वांत जुन्या लेण्यांपैकी 9, 10, 12 आणि 13 ही ओळीच्या मध्यभागी असून ती इसवी सनापूर्वीच्या शतकांतील मानली जातात. हे क्रमांक इतिहासकारासाठी दिलेले नाहीत. चालणाऱ्यासाठी दिलेले आहेत. पायवाटेवर उभ्या असलेल्या मनुष्यास “पुढचे कोणते, मागचे कोणते” एवढेच हवे असते, आणि तेवढे हा क्रम बिनचूक सांगतो. इतिहासाच्या पुस्तकात तीच लेणी कालानुक्रमाने येतात. लेणी तीच, दोन क्रम निराळे. आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य.

याच अजिंठ्यात आणखी एक बोधप्रद गोष्ट आहे. 1956 साली वाटेवरील दरडीचा राडारोडा दूर करताना 15 आणि 16 या लेण्यांच्या दरम्यान एक लहान लेणे उजेडात आले. 29 पर्यंतचे क्रमांक आधीच देऊन झाले होते. म्हणून यास 30 हा क्रमांक मिळाला. त्यामुळे तिसाव्या लेण्याच्या शोधात ओळीच्या शेवटापर्यंत गेलेल्या मनुष्यास अर्ध्या वाटेवर परत यावे लागते. मागाहून येणाऱ्या गोष्टीसाठी जागा न ठेवता केलेली मांडणी अशीच अडते. शाळेच्या संकेतस्थळावरही हेच घडते : नवी योजना आली, की ती कोठे बसवावी हे न सुचल्याने मुखपृष्ठाच्या तळाशी चिकटविली जाते, आणि दोन वर्षांत तळ वरच्या भागापेक्षा मोठा होतो.

वेरूळची गोष्ट वेगळी आहे. तेथे 34 क्रमांकित लेणी दक्षिणेकडून उत्तरेकडे आहेत; त्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. म्हणजे जागेचा क्रम आणि विषयाचा क्रम येथे जुळून आला आहे. असा योग क्वचित येतो. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट प्रवेशद्वाराची आहे. ते पहिल्या लेण्यापाशी नाही. ते सोळाव्या लेण्यासमोर, म्हणजे कैलासासमोर उघडते. बहुसंख्य लोक ज्यासाठी येतात ते आत शिरताच समोर. ज्यास अधिक पाहावयाचे आहे त्याने उजवीकडे बौद्ध लेण्यांकडे वळावे, किंवा डावीकडून उत्तरेच्या लेण्यांकडे जावे.

शाळेच्या मुखपृष्ठावर ‘कैलास’ कोणता, हे प्रत्येक शाळेने आपले आपण ठरवावे. ते अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी महिनाभर एक विचारणा वही ठेवावी. दाराशी, फोनवर, बाजारात कोणी काही विचारले, की दिनांक घालून तो प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरून घ्यावा. “गणवेश कधी मिळणार”, “दाखल्याला किती दिवस लागतात”, “नाव चुकलंय, दुरुस्त कुठं होईल”, “उद्या शाळा आहे का”. महिनाअखेर ज्या चार-पाच प्रश्नांपुढे सर्वांत जास्त खुणा पडतील, ते मुखपृष्ठावर सर्वांत वर यावेत. मान्यवरांच्या छायाचित्रांविषयी त्या वहीत एकही नोंद आढळण्याचा संभव नाही.

कपाटाची मांडणी आणि प्रश्नाची मांडणी

मुख्याध्यापकाच्या कपाटात जनरल रजिस्टर, हजेरीपट, आवक-जावक नोंदवही, साठा नोंदवही, शेरेबुक, परिपत्रकांच्या फायली अशी सर्व दप्तरे ओळीने लावलेली असतात. ही मांडणी चुकीची नाही. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास ती सोयीची आहे. चूक होते ती कपाट जसेच्या तसे संकेतस्थळावर नेऊन ठेवण्यात. पालकास ‘जनरल रजिस्टर’ हा शब्द माहीत नसतो. त्यास ‘जन्मतारखेचा उतारा’ हवा असतो. त्यास ‘लाभाच्या योजना’ नको असतात. ‘शाळेतून काय काय मिळते’ हे हवे असते.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005, याच्या कलम 4 मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या 17 बाबी सांगितल्या आहेत. या बाबी अवश्य प्रसिद्ध कराव्यात. परंतु त्या 17 मथळ्यांचे 17 दरवाजे करून मुखपृष्ठावर मांडले, म्हणजे माहिती खुली झाली असे समजणे भाबडेपणाचे होईल. कोणतीही आई सतरा क्रमांकांच्या यादीतील अमुक बाब पाहावी, असा विचार करून घरून निघत नाही. या बाबींचे एक स्वतंत्र पान असावे आणि त्याचा दुवा मुखपृष्ठाच्या खालच्या भागात असावा. ज्यास ते हवे असते त्यास ते कोठे असते हे माहीत असते.

ग्रंथालयशास्त्राचे भारतातील प्रवर्तक शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदी आल्यावर 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. वर्गीकरण, तालिका, फळ्यांवरील चिठ्ठ्या हे सारे त्या एका हेतूसाठी आहे, ही त्यांची दृष्टी होती. खेड्यातील पालकाच्या बाबतीत वेळ या शब्दाला रोजगाराची किंमत असते. एका दाखल्यासाठी दोन खेपा म्हणजे दोन दिवसांची बुडालेली मजुरी.

रंगनाथन यांना पडलेली एक अडचण मात्र संकेतस्थळास पडत नाही. ग्रंथ एकाच फळीवर राहू शकतो. ‘मराठवाड्यातील शेतीचा इतिहास’ हा ग्रंथ शेतीत ठेवावा की इतिहासात? फळी एकच निवडावी लागते, म्हणून मग तालिकेत दुसरी नोंद करावी लागते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीही महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध करताना आरंभीचे पाच खंड विषयवार विवेचनाचे केले, पुढील खंडांत लेख अकारविल्हे लावले, आणि शिवाय एक स्वतंत्र सूचीखंड दिला. कारण एकाच वाटेने सर्व वाचक येत नाहीत. संकेतस्थळावर ‘शालेय पोषण आहार’ हे पान ‘शाळेतून काय मिळते’ येथूनही उघडता येते आणि ‘मुलांचे आरोग्य’ येथूनही. दोन्ही दारांतून वाट एकाच पानाकडे न्यावी. येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. दुवे दोन असावेत. मजकूर एकच असावा. सोय म्हणून तोच मजकूर दोन पानांवर उतरविला, की वर्षभरात एक पान सुधारले जाते, दुसरे तसेच राहते, आणि पालकास दोन निरनिराळी उत्तरे मिळतात.

चिठ्ठ्यांचा प्रयोग

मथळे कोणते असावेत हे ठरविण्याची एक पद्धती जगभर रूढ आहे आणि तिला खर्च काहीच नाही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक तिच्यासाठी अगदी योग्य जागा. कारण कायद्यानुसार तीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात.

जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे पोस्टकार्डाएवढे तीस तुकडे करावेत. प्रत्येकावर संकेतस्थळावर यावयाची एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावी : शाळा सोडल्याचा दाखला, पहिलीचा प्रवेश, पाठ्यपुस्तके, गणवेश, आजचा आहार, आरोग्य तपासणी, सुट्ट्यांची यादी, परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्ती, आधारवरील नावाची दुरुस्ती, शिक्षकांचे फोन, समितीच्या बैठकीचे इतिवृत्त, शाळेच्या खात्यातील जमाखर्च, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी हमी कार्ड, इत्यादी. मग सतरंजीवर हे तुकडे पसरून पालकांच्या दोन-तीन गटांस सांगावे, की जे जे एकत्र असावेसे वाटते त्याचे ढीग करा आणि प्रत्येक ढिगाला नाव द्या. ज्यांस वाचता येत नाही त्यांस चिठ्ठी वाचून दाखवावी. मत देण्यास वाचता येण्याची गरज नसते.

या वेळी शिक्षकाने गप्प बसणे हे सर्वांत अवघड. “ते तिथे नाही येत, ती समग्र शिक्षातली बाब आहे” हे शब्द ओठांपर्यंत येतील, ते गिळावेत. कारण पालक ज्या रीतीने ढीग करतात, तीच त्यांच्या मनातील वाट असते. उदाहरणार्थ, शिक्षक आरोग्य तपासणी आणि पोषण आहार यांस दोन योजना म्हणून दोन ठिकाणी ठेवील. एखादी आई दोन्ही एकत्र ठेवून ‘लेकराची काळजी’ असे नाव देईल. शिक्षक दाखला, उतारा आणि नावाची दुरुस्ती यांस तीन कामे समजेल. वडील त्यांस ‘कागदपत्रे’ या एका नावाखाली टाकतील. दोन गटांचे ढीग जुळले तर मथळा निश्चित झाला. जुळले नाहीत, तर ती गोष्ट दोन्ही वाटांनी मिळेल अशी व्यवस्था करावी. एकाही ढिगात न बसलेल्या चिठ्ठ्या हातात उरल्या, म्हणजे ‘इतर’ असे सहावे दार करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘इतर’, ‘संकीर्ण’, ‘महत्त्वाचे’ या नावांखाली काय आहे हे ठेवणारा सोडून कोणासही सांगता येत नाही. आणि सहा महिन्यांनी ठेवणाराही विसरतो. प्रत्येक कार्यालयात ‘किरकोळ’ नावाची एक जाड फाइल असते, तिचा अनुभव सर्वांस आहेच.

दुसऱ्या बैठकीत उलट परीक्षा घ्यावी. फळ्यावर केवळ ठरलेले पाच-सहा मथळे लिहावेत आणि पहिल्या बैठकीस न आलेल्या पालकास विचारावे : “तुमच्या मुलाची जन्मतारीख कागदावर चुकली आहे, यांतील कोणत्या नावावर बोट ठेवाल?” दहा जणांपैकी सहा-सात जण योग्य नावावर बोट ठेवू लागले, तर नाव बरे आहे. बोटे चहूकडे फिरू लागली, तर दोष पालकांचा नाही, नाव बदलावे.

पाटी कशी असावी

एस. टी.च्या गाडीवरील पाटी हा मार्गदर्शनाचा उत्तम नमुना होय. ‘सिल्लोड – छत्रपती संभाजीनगर, मार्गे फुलंब्री’. एवढ्या शब्दांत गाडी कोठून निघाली, कोठे जाणार आणि वाटेत कोणते मोठे गाव लागणार हे कळते. आगाराच्या दप्तरात त्या फेरीची नोंद निराळ्या रीतीने असेल. पाटीवर मात्र प्रवाशाला ठाऊक असलेले गावच येते.

संकेतस्थळाच्या प्रत्येक पानावर अशी पाटी हवी : ‘मुखपृष्ठ › कागदपत्रे › शाळा सोडल्याचा दाखला’. या ओळीतील प्रत्येक नाव हा मागे जाण्याचा दुवा असावा. ही ओळ अनेकांस अनावश्यक वाटते, कारण संकेतस्थळ करणारा नेहमी मुख्य दारातून आत येतो. वाचणारे तसे येत नाहीत. कोणी गूगलवर शोध घेऊन थेट आतल्या पानावर उतरतो. कोणाला शेजाऱ्याने व्हॉट्सॲपवर दुवा पाठविलेला असतो. मधल्याच दाराने आलेल्या या मनुष्यास ही कोणत्या गावची शाळा, हेदेखील ठाऊक नसते. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव ही नावे मराठवाड्यात एकाहून अधिक ठिकाणी आहेत. म्हणून प्रत्येक पानावर शाळेचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि 11 अंकी यू-डायस क्रमांक असावा. तो क्रमांकही एक प्रकारची वाटच आहे : पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढचे दोन जिल्ह्याचे, मग दोन गटाचे, तीन गावाचे आणि शेवटचे दोन शाळेचे. मोठ्या प्रदेशातून लहान जागेकडे उतरत जाणारा असा क्रम विद्यार्थ्यांस भूगोलाच्या तासालाही समजावून देण्यासारखा आहे.

मधल्या दाराचा मुद्दाम उपयोगही करून घेता येतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. या कामाची दखल घेऊन त्यांस 2020 सालचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. त्यांतील युक्ती ध्यानात घ्यावी : मूल ज्या पानावर आहे, त्या पानावरूनच ते हव्या त्या पाठाकडे जाते, मेनू, मथळे, शोध यांपैकी काहीही आड येत नाही. त्याच न्यायाने शाळेच्या फाटकाजवळच्या भिंतीवर एक चौकोन रंगवून त्यात ‘दाखला हवा आहे? हे टिपा’ एवढे शब्द आणि त्या एका पानाचा कोड लावावा. प्रगतिपत्रकाच्या मागील बाजूस सुट्ट्यांच्या यादीचा कोड छापावा. कोड मुखपृष्ठाचा लावला, तर अर्धा लाभ वाया जातो.

दुव्यांच्या शब्दांविषयी थोडे. ‘येथे क्लिक करा’ हे शब्द काहीच सांगत नाहीत. एका पानावर ते पाच वेळा आले, तर पाचही दुवे सारखेच दिसतात. ‘दाखल्याचा अर्ज उतरवून घ्या’ असे लिहावे. तसेच, घरात पुष्कळदा तिसरी-चौथीतले मूलच आईबापांस वाचून दाखविते. तेव्हा मथळ्यातील शब्द त्या मुलास अडखळल्यावाचून वाचता यावेत, ही कसोटी ठेवावी. कार्यालयीन शब्द अगदीच सोडावयाचा नाही. तो पानाच्या आत, कंसात वा दुसऱ्या ओळीत द्यावा, कारण पुढे अर्ज भरताना तोच लागतो.

कोणतेही पान तीन पायऱ्यांच्या आत मिळाले पाहिजे, असा एक नियम पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. त्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. चार पायऱ्या झाल्या तरी मनुष्य उतरतो, जर प्रत्येक पायरीवर “वाट बरोबर आहे” असा भरवसा वाटत असेल. दुसऱ्याच पायरीवर बारा सारखी दिसणारी नावे समोर आली, तर मात्र तो तेथूनच परत फिरतो. फोनच्या लहान पडद्यावर हे अधिक जाणवते. तेथे सर्व मथळे तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे लपविण्याची चाल पडली आहे. ज्यास त्या रेघांचा अर्थ माहीत नाही, त्याच्या दृष्टीने संकेतस्थळाला दारेच नाहीत. पाच-सहा मथळे असतील तर ते मुखपृष्ठावर उघडे, एकाखाली एक, बोट सहज बसेल एवढ्या आकाराचे ठेवावेत.

अक्षरे आणि अकारविल्हे क्रम

मराठी मजकुराच्या दोन अडचणी इतरत्र सांगितल्या जात नाहीत, म्हणून येथे नमूद करणे इष्ट आहे. शाळांतील जुना मजकूर शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत लिहिलेला असतो. तो तसाच संकेतस्थळावर चिकटविला, तर रोमन अक्षरांची निरर्थक जुळवाजुळव दिसते. मजकूर युनिकोडमध्येच असावा. परिपत्रकाचे छायाचित्र चढविल्यास ते डोळ्यांस दिसते, परंतु शोधयंत्रास वाचता येत नाही, आणि अंध वाचकास ऐकविणाऱ्या आज्ञावलीसही नाही. म्हणून छायाचित्राच्या वर परिपत्रकाचा आशय चार ओळींत टंकलिखित करावा. पुष्कळदा त्या चार ओळीच पालकास पुरतात.

दुसरी अडचण क्रमाची. नावांची यादी अकारविल्हे लावण्यास संगणकास सांगितले, की पुष्कळ साध्या आज्ञावली वर्णमालेचा क्रम न पाळता युनिकोडमधील संकेतांकांचा क्रम पाळतात. तेथे ळ हा ल नंतर लगेच येतो. त्यामुळे काळे हे आडनाव कासार या आडनावाच्या आधी पडते, जरी मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर आहे. क्ष हे क आणि ष यांचे जोडाक्षर मानले गेल्याने क्षीरसागर हे नाव यादीच्या शेवटी न जाता क च्या अखेरीस, ख च्या आधी बसते. यादी लावून झाल्यावर ती एकदा डोळ्यांखालून घालावी. ग्रंथालयातील पुस्तकांची यादी संकेतस्थळावर देणाऱ्या शाळेस हे विशेष उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांच्या नावांची यादी मात्र संकेतस्थळावर देऊच नये; नाव, जात, आधार क्रमांक, पालकांचा फोन ही माहिती उघड्यावर ठेवण्याची वस्तू नाही, आणि 2023 च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात बालकांच्या माहितीविषयी विशेष काळजी सांगितली आहे.

नावांचाच आणखी एक प्रश्न या जिल्ह्यापुढे आहे. 2023 साली औरंगाबाद शहराचे व जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. नवे नाव सर्वत्र लिहावयाचे, यात शंका नाही. परंतु त्यापूर्वीचे दाखले, उतारे आणि परिपत्रके यांवर जुने नाव आहे, आणि तीच कागदपत्रे हाती घेऊन शोध घेणारा मनुष्य तोच शब्द टंकलिखित करणार. ‘जुनी कागदपत्रे’ या पानावर एक वाक्य घालावे, की 2023 पूर्वीच्या कागदांवर जिल्ह्याचे नाव औरंगाबाद असे आढळेल. तेवढ्याने दोन्ही शब्दांनी येणारे लोक एकाच पानावर पोहोचतील. वेरूळचे लेणे पाहावयास येणारेही अर्धेअधिक ‘एलोरा’ म्हणतच येतात.

बदली झाल्यावर

1989 साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेत आपला प्रस्ताव मांडला, ज्यातून पुढे आजचे विश्वव्यापी जाळे निर्माण झाले. त्या प्रस्तावाच्या मुळाशी एक साधी तक्रार होती : संस्थेत माणसे येतात, दोन वर्षांनी जातात, आणि कोणती माहिती कोठे आहे याचे ज्ञान त्यांच्याबरोबर निघून जाते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकास ही तक्रार समजावून सांगण्याची गरज नाही. उत्साही शिक्षकाने संकेतस्थळ उभारावे, त्याची बदली व्हावी, आणि मागे राहिलेल्या पानावर चार वर्षांपूर्वीच्या प्रवेशाची तारीख तशीच झळकत राहावी, असे अनेक ठिकाणी दिसते. असे पान नसलेल्या पानापेक्षा वाईट. कारण त्यावर विश्वास ठेवून कोणी तरी खेप घालतो.

म्हणून संकेतस्थळाचे खाते शिक्षकाच्या खाजगी ईमेलवर न उघडता शाळेच्या ईमेलवर उघडावे. प्रत्येक पानाच्या तळाशी ते शेवटचे केव्हा तपासले तो दिनांक असावा. केंद्र शासनाच्या संकेतस्थळांसाठी 2009 साली सिद्ध झालेल्या आणि 2023 साली दुसऱ्यांदा सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही अशाच शिस्तीवर भर आहे. कार्यभार सोपविताना चार्ज यादीत साठा नोंदवहीच्या खाली एक ओळ वाढवावी : संकेतस्थळाचा पत्ता, खात्याचे नाव, परवलीचा शब्द असलेला मोहोरबंद लिफाफा, आणि कोणते पान कोणत्या महिन्यात बदलावयाचे त्याची यादी. पहिलीच्या प्रवेशाचे पान मार्चमध्ये, सुट्ट्यांचे जूनमध्ये, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे दसऱ्यापूर्वी. विचारणा वहीही त्याच यादीत नमूद करून नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी. तिची कोरी पाने संपली असतील, तर नवी वही शाळेने द्यावी.